जुनं लिव्हरचं कुलूप : नवी किल्ली पुन्हा पुन्हा का अडते?

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्याची असते. आजोबांच्या वेळचं जाडजूड पितळी कुलूप, मूळ किल्ली हरवलेली किंवा झिजून गुळगुळीत झालेली. किल्लीवाल्याकडून नवी करून घेतली, त्यानं समोर चार वेळा उघडून-लावून दाखवलं. घरी आणून दाराला लावलं तर कधी पहिल्याच दिवशी, कधी महिन्याभरानं किल्ली अर्ध्यात अडायला लागते. परत किल्लीवाला, परत कानशीचे दोन हात, परत थोडे दिवस बरं. शेवटी तो म्हणतो, "कुलूप गेलं आता, नवीन घ्या." कोकणातल्या वर्षभर बंद असणाऱ्या घरांत तर हे ठरलेलंच. चाकरमानी गणपतीला येतात आणि सामान ओट्यावर टाकून आधी कुलपाशी झटापट करतात.

अशी कुलपं फारच क्वचित 'गेलेली' असतात. अडचण कामाच्या क्रमात असते. किल्ली आधी केली जाते आणि कुलपाच्या आत कोणी बघतच नाही. घट्ट झालेलं तेल, मोडकी स्प्रिंग, गंज हे सगळं तसंच ठेवून त्यावर बेतून कापलेली किल्ली त्या दिवसापुरती बरोबर असते. आतली स्थिती बदलली की ती चुकीची ठरते. म्हणून आधी साफसफाई, मग स्प्रिंगा, आणि किल्ली सगळ्यात शेवटी. हा क्रम मोडला की पाच किल्ल्या केल्या तरी सहावी करावी लागते.

आत काय असतं

कडीला धरून ठेवणारी एक सरकती जीभ असते आणि त्या जिभेवर एक खुंटी उभी असते. शेजारी एकावर एक रचलेल्या पातळ पट्ट्या असतात, त्या म्हणजे लिव्हर. सगळे लिव्हर एकाच खिळ्यावर वर-खाली झुलतात आणि प्रत्येकाला किल्लीच्या बाजूला दाबणारी स्वतःची छोटी स्प्रिंग असते. प्रत्येक लिव्हरमध्ये दोन खण कापलेले असतात आणि त्यांना जोडणारी एक अरुंद चीर. कुलूप लागलेलं असताना खुंटी एका खणात असते, उघडल्यावर दुसऱ्यात. किल्ली फिरते तेव्हा तिच्या पायऱ्या आपापला लिव्हर उचलतात. सगळ्या चिरा खुंटीच्या समोर एका रेषेत आल्या की जिभेसाठी राखलेली पायरी जीभ ढकलते आणि खुंटी पलीकडे जाते. सहा लिव्हरच्या किल्लीवर बहुधा सात पायऱ्या दिसतात, त्या यामुळे.

ही रचना इंग्लंडच्या रॉबर्ट बॅरनच्या १७७८ च्या पेटंटपासून चालत आली आहे. त्याआधीच्या कुलपांत अडसर पुरेसा उचलला की काम होई, जास्त उचलला तरी बिघडत नसे. बॅरननं चीर अशी ठेवली की लिव्हर कमी उचलला तरी खुंटी अडते आणि जास्त उचलला तरी अडते. आपली डोकेदुखी सुरू होते ती इथेच. किल्लीत दोन्ही बाजूंनी चूक होऊ शकते, पण कानशीनं फक्त एकाच बाजूची चूक दुरुस्त होते. पायरीची खाच खोल केली की लिव्हर कमी उचलला जातो. खाच आधीच जास्त खोल असेल तर कितीही घासा, किल्ली आणखी बिघडेल. "अडतंय" म्हटल्यावर लगेच कानस उचलणारा कारागीर म्हणूनच धोक्याचा.

कानस उचलण्याआधीची चाचणी

कुलूप दारावरून काढून हातात घ्या. किल्ली घालून चार स्थितींत हलकेच फिरवून पाहा : कडी वर, कडी खाली, डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर. जोर लावायचा नाही, दोन बोटांत मावेल एवढाच.

एका स्थितीत सहज उघडतं आणि दुसरीत अडतं, असं झालं तर निदान झालं. एखाद्या लिव्हरची स्प्रिंग मोडली आहे किंवा मेली आहे. जो लिव्हर स्प्रिंगनं खाली यायला हवा, तो आता स्वतःच्या वजनानं येतोय. वजन मदतीला आलं की कुलूप उघडतं, उलट दिशेनं ओढू लागलं की अडतं. 'दुकानात चालतं, घरी चालत नाही' याचंही बहुतेक वेळा हेच कारण. किल्लीवाला कुलूप हातात आडवं धरतो किंवा व्हाइसमध्ये कुशीवर पकडतो, आणि तुमच्या दारावर ते कडीवर उभं लटकतं. दोघंही आपापल्या परीनं खरं बोलत असतात.

चारही स्थितींत सारखंच, एकाच ठिकाणी अडत असेल तर दोष किल्लीच्या मापात किंवा जिभेत आहे. चारही स्थितींत अडतं, पण दर वेळी वेगळ्या ठिकाणी, असं असेल तर संशय तेलावर आणि घाणीवर घ्या.

आणखी एक तपासणी करा. किल्ली जुडग्यातून काढून एकटी लावून पाहा. जुन्या कुलपांची किल्ली बरेचदा पोकळ नळीची असते आणि कुलपाच्या भोकात उभ्या असलेल्या खिळ्यावर बसते. नव्या किल्लीची नळी त्या खिळ्यापेक्षा सैल असेल तर जुडग्याच्या वजनानं किल्ली खाली झुकते आणि सगळ्या पायऱ्यांची उंची बदलते. किल्ली एकटी असताना चालते आणि जुडग्यात असताना अडते, तर नळीच बदलावी लागेल. तिथे खाचांना हात लावू नका.

स्प्रिंगा का मोडतात

पोलादी स्प्रिंग गंजून मोडते, त्यात नवल नाही. नवल पितळी स्प्रिंगचं. ती गंजलेली दिसत नाही, रंगही बरा असतो, आणि तरी बोट लावताच तिचे दोन तुकडे होतात. ब्रिटिश सैन्याला हिंदुस्थानात नेमका हाच अनुभव काडतुसांच्या बाबतीत आला होता. पावसाळ्यात तबेल्यांत साठवलेल्या पितळी काडतुसांना आपोआप भेगा पडत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि घडवताना धातूत राहिलेला ताण, या तिन्हींचा तो एकत्र परिणाम असल्याचं १९२१ मध्ये उलगडलं. कुलपातली स्प्रिंग तर कायमच वाकवून ताणात ठेवलेली असते. त्यामुळे गोठ्याच्या, कोंबड्यांच्या खुराड्याच्या किंवा मुतारीशेजारच्या दाराचं कुलूप आलं की मी आधी स्प्रिंगांकडेच बघतो. अमोनिया असलेलं काच पुसायचं द्रावण पितळी कुलपावर फवारू नये, तेही याच कारणासाठी.

तेलाचं प्रकरण

कुलूप जड झालं की घरात जे हाताला लागेल ते तेल ओतायची आपल्याकडे जुनी सवय आहे. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं. म्हणजे देशावर थंडीच्या सकाळी कुलूप अडणार आणि दुपारी उन्हात उघडणार. शेंगदाण्याचं तेल काही महिन्यांनी चिकट होतं आणि करडईचं तर वार्निशसारखं सुकतं. लिव्हर पातळ आणि एकमेकांना चिकटून असतात. मधे असं तेल बसलं की एक लिव्हर उचलताना शेजारचाही ओढून वर नेतो. शेजाऱ्याची पायरी अचूक असली तरी तो जास्त उचलला जातो आणि खुंटी अडते.

एखादा लिव्हर वरच चिकटून बसला असेल तर त्याहून वाईट. तो योगायोगानं नेमका चिरेच्या उंचीवर बसलेला असेल, तर किल्लीवर त्याची पायरी कितीही जास्त खोल कापा, कुलूप उघडणारच. दोन महिन्यांनी उन्हानं किंवा नव्या तेलानं तो सुटतो, खाली येतो, आणि आपली पायरी चुकीची आहे हे त्याला तेव्हा 'कळतं'. बिल मात्र किल्लीवाल्याच्या नावानं फाडलं जातं.

उपाय रॉकेलचा. कुलूप रात्रभर रॉकेलमध्ये बुडवा. सकाळी भोकातून निघणारं काळं पाणी झटकून टाका आणि स्वच्छ रॉकेलमध्ये पुन्हा बुडवा. रंग येईनासा होईपर्यंत हे करा. पूर्ण वाळल्यावर शिवणयंत्राच्या तेलाचे एक-दोन थेंब पुरेत. ग्रॅफाइटची भुकटी कोरड्या हवेत उत्तम, पण ती तेलात मिसळू नका, नाहीतर लगदा होतो. समुद्रकाठी मी ग्रॅफाइट वापरत नाही. खाऱ्या ओलाव्यात ते शेजारच्या धातूचं गंजणं वाढवतं.

चिंच, लिंबू-मीठ, पितळ उजळायची पावडर ही सगळी बाहेरून, तीही कुलूप उघडून आतला ऐवज काढलेला असताना. अख्खं कुलूप चिंचेच्या कोळात टाकलं की बाहेरून सोन्यासारखं दिसतं आणि आत पोलादी भागांवर आम्ल बसून राहतं. जुन्या बाजारात लखलखीत कुलपं दिसतात त्यांतली कित्येक आतून अशीच खाल्लेली असतात. काळपट, न घासलेलं कुलूप मिळालं तर मी ते पसंत करतो. शिक्क्यांची अक्षरंही त्यावर शाबूत राहतात.

पेटी उघडणं

इथे बरेच जण कचरतात. पण स्प्रिंग बदलायची तर उघडावंच लागतं. जुन्या पितळी कुलपांच्या दोन बाजू रिव्हेटनं जोडलेल्या असतात आणि रिव्हेटची डोकी घासून सपाट केलेली असल्यानं ती दिसत नाहीत. चारशे नंबरच्या पॉलिशपेपरनं एक बाजू हलकी घासा आणि तिरक्या उजेडात पाहा. फिकट गोल वर्तुळं दिसतात. रिव्हेट लोखंडी असतील तर लोहचुंबक त्यांची जागा दाखवतं.

प्रत्येक वर्तुळाच्या मध्यभागी सेंटर पंचनं खूण करा. रिव्हेटपेक्षा थोड्या बारीक ड्रिलनं मिलिमीटर-दीड मिलिमीटरच खोल जा, म्हणजे फक्त डोकं सुटेल. बाकीचा दांडा पंचनं मागे ठोकून काढा. आरपार ड्रिल मारू नका. ड्रिल सरकलं तर पेटीचं भोक मोठं होतं आणि पुढे जोड कधीच नीट बसत नाही.

वरचं झाकण सावकाश उचला आणि काहीही हलवण्याआधी फोटो काढा. लिव्हर वेगवेगळ्या उंचीच्या चिरांचे असतात, त्यांचा क्रम म्हणजेच त्या कुलपाची किल्ली. एकेक उचलून तारेत ओवत जा, किंवा मागच्या बाजूला मार्करनं ठिपके द्या. मधल्या पातळ चकत्याही त्याच क्रमात ठेवा. एक चकती गहाळ झाली तर सगळे लिव्हर किल्लीच्या पायऱ्यांपासून सरकतात.

प्रत्येक स्प्रिंग नखानं दाबून पाहा. सगळ्यांचा जोर साधारण सारखा हवा. मोडकीच्या जागी फॉस्फर ब्राँझची ०.२ ते ०.३ मिलिमीटर जाडीची पत्ती कापून बसवा. ती पितळासारखी सहजासहजी तडकत नाही आणि गंजतही नाही. गजराच्या जुन्या घड्याळाची पोलादी स्प्रिंगही चालते, पण कोरड्या गावात. पत्ती लिव्हरच्या टोकाच्या फटीत घालून कडा हलकी ठोकली की पकडते. फार कडक पत्ती घालू नका. कुलूप जड होतं आणि किल्लीच्या पायऱ्या लवकर झिजतात. एक मोडली असेल आणि बाकीच्या त्याच वयाच्या पितळी असतील, तर सगळ्याच बदला. पेटी पुन्हा पुन्हा उघडण्याजोगी नसते.

आता किल्ली

जुन्या किल्लीवरून नवी करू नका. जुनी झिजलेली असते आणि बहुधा तीही कशाची तरी नक्कलच असते. प्रत्येक नकलेत कानशीचा केसभर फरक पडतो, आणि चिरेत खुंटीला मोकळीक तेवढीच असते. माप लिव्हरवरून घ्यायचं. अलीगढच्या घरगुती कारखान्यांतली किंवा दिंडीगुलची (तिथल्या कुलपांना २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं) जुनी कुलपं हातानं घडवलेली असतात, त्यामुळे एकासारखं दिसणारं दुसरं कुलूप मिळालं तरी त्याची किल्ली याला बसेल ही आशा ठेवू नका. १८९७ मध्ये लालबागेत सुरू झालेल्या गोदरेजच्या किंवा इंग्लंडमधल्या विलेनहॉलच्या कारखान्यांतल्या कुलपांचं काम जास्त नेटकं असतं, पण किल्ली लिव्हरवरूनच बेतायची.

कोरी किल्ली निवडताना नळी आधी बघा. खिळ्यावर बसवून हलवा. डुगडुगली तर नको. मग पान (ज्यावर पायऱ्या कापायच्या तो किल्लीचा चपटा भाग) भोकातून आत जाईल एवढ्या उंचीचं घासून घ्या. पेटीत फक्त जीभ आणि सर्वांत खालचा एक लिव्हर ठेवा. किल्ली फिरवा, खुंटी कुठे टेकते ते डोळ्यांनी दिसतं. चिरेच्या खालच्या काठावर टेकत असेल तर लिव्हर जास्त उचललाय का कमी, हे आपल्या कुलपात एकदा नीट समजून घ्या. मग त्या पायरीवर पातळ, सपाट कानशीनं दोन-तीनच हात मारा आणि पुन्हा पाहा. खुंटी चिरेतून मोकळी गेली की थांबा. 'थोडं अजून' करू नका. मग दुसरा लिव्हर चढवा, दुसरी पायरी. खाचेची रुंदी लिव्हर अधिक चकती एवढी. लिव्हर साधारण एक ते दीड मिलिमीटर जाड असतात, त्यामुळे सोनाराची बारीक करवत इथे फार उपयोगी पडते. पुण्यात बोहरी आळीत असल्या कानशी-करवती मिळतात.

प्रत्येक लिव्हर चढवल्यावर जीभ दोन्ही दिशांना चालवून पाहा. उघडताना आणि लावताना लिव्हर तेवढाच उचलला जायला हवा. एकाच दिशेला अडत असेल तर किल्ली सोडा, खुंटीची कड किंवा चिरेच्या तोंडावरची बारीक कुस पाहा. बारीक कानशीचा एक हात तिथे द्यावा लागतो.

पेटी न उघडता किल्ली करणारे कारागीर पानावर मेणबत्तीची काजळी धरतात, किल्ली आत हलकेच फिरवतात आणि काजळी जिथे पुसली तिथे घासत जातात. हात बसलेल्या माणसाचं हे काम बघण्यासारखं असतं. पण ही युक्ती स्प्रिंगांवर उभी आहे. मेलेल्या स्प्रिंगचा लिव्हर काजळीवर खूणच उमटवत नाही, आणि ती पायरी अंदाजानं कापली जाते. म्हणून त्यांच्याकडे कुलूप रॉकेलमध्ये धुऊन आणि वर दिलेली चार स्थितींची चाचणी करूनच न्या. कुलूप कुणाचं, कुठलं, असं त्यांनी विचारलं तर रागावू नका. न विचारणाऱ्याकडे जाऊच नका.

खाच जास्त खोल गेलीच तर कथलाच्या डाकानं भरू नका, तो मऊ असतो आणि महिन्याभरात दबतो. पितळेची किंवा चांदीची झाळ देऊन भरता येते. तुटकं पान जोडायलाही तीच. बहुतेक वेळा मात्र नवी कोरी किल्ली घेणं स्वस्त पडतं.

उरलेली लक्षणं, थोडक्यात

उघडतं, पण लागत नाही : कडी अंगठ्यानं पूर्ण खाली दाबून किल्ली फिरवा. आता लागलं तर कडीची खाच जिभेसमोर येत नाहीये. कडीच्या बिजागरीचा खिळा झिजलाय, तो बदला. किल्लीचा दोष नाही.

किल्ली गोल गोल फिरते, काहीच होत नाही : जीभ ढकलणारी पायरी झिजली आहे किंवा पान आखूड आहे.

किल्ली पूर्ण आत जात नाही : नळीत किंवा खिळ्याभोवती रंग, माती, कधी कुंभारमाशीचं घर असतं. टाचणीनं साफ करा. खिळा वाकलेला असेल तर पेटी उघडल्याशिवाय सरळ करू नका.

किल्ली फिरून अडली आणि बाहेर येईना : जीभ अर्ध्यात आहे. पक्कड लावून पिळू नका, पान आतच तुटेल. भोकातून रॉकेल सोडा, तासभर थांबा, कडी आत-बाहेर हलवत किल्ली आल्या वाटेनं मागे फिरवा.

एक अपवाद माहीत असू द्या. चब या इंग्रजी बनावटीच्या काही कुलपांत १८१८ च्या पेटंटची युक्ती असते. चुकीच्या किल्लीनं एखादा लिव्हर फार वर उचलला गेला की तो तिथेच अडकवून ठेवला जातो आणि मग खऱ्या किल्लीनंही कुलूप उघडत नाही. अशा वेळी खरी किल्ली आधी लावायच्या दिशेनं फिरवायची. लिव्हर सुटतो आणि मग नेहमीसारखं उघडतं. अशी कुलपं 'बिघडली' म्हणून भंगारात गेल्याचं ऐकलं की वाईट वाटतं.

पेटी बंद करण्यापूर्वी सगळे लिव्हर चढवून झाकण क्लॅम्पनं धरा आणि चारही स्थितींत, दोन्ही दिशांना पुन्हा चालवून पाहा. त्यानंतरच नव्या पितळी सळईचे रिव्हेट घाला, दोन्ही टोकं गोल हातोडीनं थोडी थोडी ठोकून पसरवा आणि कानशीनं सपाट करा. एकच टोक पूर्ण ठोकून टाकलं की झाकण वाकतं आणि लिव्हर दाबले जातात. दुसरी किल्ली त्याच बैठकीत, पेटी उघडी असतानाच, लिव्हरवरूनच करून घ्या.